गेलेव नावाचा दगड

ठोसा तोंडावर बसला तेव्हा आधी आवाज ऐकू आला, दुखणं मागून आलं. तोंडाच्या आतून आलेला आवाज, बशी तडकावी तसा. माझी वरची कवळी मधोमध मोडली होती. शनिवारची दुपार होती, मी लायब्ररीच्या पायऱ्या उतरत होतो, काखेत मुलांना दाखवायच्या चित्रांची गुंडाळी होती. मी पायरीवर बसलो की पडलो, ते आजही सांगता येणार नाही. समोर एक रुंद माणूस उभा होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगात कोळशाच्या धक्क्यावरच्या कामगारांचा पिवळा शर्ट. तो स्वतःच्या मुठीकडे पाहत होता, कुणाची तरी वस्तू चुकून हातात आल्यासारखा. मग त्याने मान जराशी डावीकडे वळवली, उजवा कान माझ्याकडे केला आणि मी काही बोलतो का याची वाट पाहिली. त्या मान वळवण्यावरून मी त्याला ओळखलं. वर्गात शेवटच्या काही आठवड्यांत तो असाच बसायचा. तोंडात रक्त होतं, कवळीचे तुकडे जिभेला टोचत होते. मी म्हणालो, "केरी." तो म्हणाला, "किरील. माझं नाव किरील आहे, सर." आणि हात खिशात घालून बसथांब्याकडे चालू लागला.

तो आत होता, हे मला त्यानंतर कळलं. लायब्ररीच्या मागच्या रांगेत, लहान मुलांच्या पुस्तकांच्या कपाटापाशी, तासभर उभा होता. दर शनिवारी मी तिथे मुलांना आकाश शिकवतो. पंचेचाळीस वर्षं शिकवतोय, आधी शाळेत, आता इथे. न्यूकॅसलमधल्या निम्म्या घरांत माझा एखादा विद्यार्थी सापडेल. मुलांना खडक आवडतात. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फिरणारे ते लाखो तुकडे, एकमेकांवर आदळून फुटलेले, फुटून पुन्हा आदळणारे. मी सांगतो की तिथे एकही वस्तू धड नाही, प्रत्येकाला कुणीतरी कधीतरी मारलेलं आहे. मुलं हसतात. मग नावांची गोष्ट येते. खडक पहिल्यांदा दिसला की त्याला नुसती साल आणि अक्षरं मिळतात, जन्मलेल्या बाळाच्या मनगटाला बांधलेल्या चिठ्ठीसारखी. चार-पाच वर्षं त्याची वाट नीट मोजली की क्रमांक मिळतो. क्रमांक मिळाला की शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं आणि ते कुणासाठी, हे दोन-तीन ओळींत लिहून पाठवावं लागतं. मग जगभरातली दहा-पंधरा माणसं ते वाचून हो की नाही म्हणतात. स्वतःचं नाव देता येत नाही. सेनापती आणि पुढारी यांना मेल्यावर शंभर वर्षं थांबावं लागतं. का, असं मुलं विचारतात, तेव्हा मी सांगतो की त्यांनी काय काय केलं ते बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. शिक्षकांना असा नियम नाही, हे मी कधी सांगितलं नव्हतं, कारण माझ्याच ते कधी लक्षात आलं नव्हतं.

माझ्या नावावर तीन खडक आहेत. घरामागच्या पत्र्याच्या खोलीतल्या दुर्बिणीतून सापडलेले. त्या खोलीचं छप्पर मी हाताने ढकलून उघडतो. पहिल्याला माझ्या बायकोचं, थेल्माचं, नाव दिलं. दुसऱ्याला आमच्या नदीचं. तिसऱ्याला गेलेव. त्या शनिवारीही मी मुलांना गेलेवची गोष्ट सांगितली, दर वर्षी सांगतो तशी. एक मुलगा होता, दूरच्या देशातून आलेल्या कामगाराचा, मैदानातल्या लोखंडी दांड्यांवरून पडला, एका कानाने बहिरा झाला, पण त्याचे प्रश्न काही थांबले नाहीत. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने विचारलं की त्याला माहीत आहे का, वर त्याचं नाव आहे ते. मी म्हणालो की नाही, ते आपलं गुपित. सगळी मुलं खूश झाली. कपाटापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे मी एकदा पाहिलंही होतं. कुणाचा तरी बाप असेल, असं वाटलं.

लायब्ररीतल्या बाईंनी पोलिसांना फोन केला होता. आलेली हवालदार मुलगी फार तर पंचविशीची असेल. मी रुमाल तोंडाला लावून सांगितलं की पाय घसरला. तिने माझ्या ओठाला न शिवता वरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजोबा, पायरीनं अंगठी घातली होती वाटतं." मी पुन्हा म्हणालो की पाय घसरला. तिने वहीत तसं लिहिलं. पेन कागदावर चालत होतं आणि मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. वाटलं, मी मोठेपणा दाखवला, त्याला वाचवलं. घरी बसने परत येताना तोंडाला सूज चढत होती आणि मी जवळजवळ आनंदात होतो. आज लिहिताना त्या आनंदाची शिसारी येते.

पुढचे दोन दिवस मी भोपळ्याचं सूप पीत खिडकीपाशी बसून होतो. दात नसले की तोंडाला स्वतःचीच जीभ परकी लागते. बाहेर बंदराकडे जाणारी कोळशाची मालगाडी तासातासाने जात होती आणि डब्यांचा प्रत्येक हिसका माझ्या हिरडीत येऊन थांबत होता. आठवत होता तो एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा नोव्हेंबर, आमच्याकडे उन्हाळ्याचं तोंड. पत्र्याचं छप्पर असलेला वर्ग, चाळीस मुलं, उकाडा असा की फळ्यावरचा खडूसुद्धा दमट. तेव्हा पोलादाचा कारखाना चालू होता. वारा फिरला की भट्टीचा वास वर्गात भरायचा आणि काही मुलं म्हणायची, बाबा आले. मी ग्रहमाला शिकवत होतो. मंगळानंतर हातभर जागा सोडली आणि सांगितलं की इथे एक ग्रह होता, तो फुटला, त्याचे हे तुकडे. मला ती गोष्ट आवडायची. फुटण्याच्या वेळी मी डस्टर टेबलावर आपटायचो, धूळ उडायची, मुली किंचाळायच्या. तिसऱ्या बाकावरून गेलेवने हात वर केला. त्याचं खरं नाव वर्षाच्या पहिल्या दिवशी मला उच्चारता आलं नव्हतं, म्हणून मी केरी केलं होतं. सोयीसाठी, सगळेच करायचे. तो म्हणाला की सर, तिथे ग्रह कधी नव्हताच. पुस्तकात दिलंय. सगळे तुकडे एकत्र केले तरी आपल्या चंद्राएवढे होत नाहीत. मग फुटलं काय? वर्ग हसला. मला हसला, कारण माझ्या हातात अजून डस्टर होतं आणि अंगावर खडूची धूळ होती. मी त्याला पुढे बोलावलं.

छडी कपाटात होती. छडी तळहातावरच मारायची आणि वहीत नोंद करावी लागे, किती, कशासाठी. कपाटापर्यंत मी गेलो नाही. पहिली थप्पड रागाची होती, ती कुठे बसली ते मी पाहिलंही नाही. त्याचं डोकं हललं आणि परत जागेवर आलं. तो रडला नाही. माझ्याकडे पाहत राहिला, उत्तराची वाट पाहावी तसा. आणि मग, हे मी पस्तीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, थेल्मालाही नाही, माझा राग गेला होता. डोकं थंड होतं. खिडकीबाहेर जकारंडाची फुलं पडत होती ती मला दिसत होती. मी हात मागे घेतला, नीट घेतला, तळवा जरा खोलगट केला, कारण खोलगट तळव्याचा आवाज मोठा येतो आणि मागच्या बाकांपर्यंत तो जायला हवा होता. दुसरी थप्पड मी विचार करून मारली. ती बरोबर कानावर बसली. हाताखाली काहीतरी फट्कन गेल्याचं मला कळलं. कागदाच्या पिशवीत हवा भरून ती फोडतात तसं. त्याच्या कानातून मानेवर एक पातळ लाल रेघ आली, आणि तरीही त्याने आधी हाताने शर्टाची कॉलर बाजूला धरली, डाग पडू नये म्हणून.

चिठ्ठी मी लिहिली. मैदानातल्या लोखंडी दांड्यांवरून पडला, कानाला मार लागला, दवाखान्यात दाखवावे. हेडमास्तरांनी वाचली, माझ्याकडे पाहिलं, सही केली. चाळीस मुलांपैकी एकानेही कुठे काही सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, आणि प्रत्येक घरात कुणीतरी म्हणालं असेल की मग तू गप्प बस. त्यानंतर मी एकाही मुलावर हात उचलला नाही. चांगला शिक्षक झालो. हे खरं आहे, पुष्कळ लोक सांगतील. धीर धरायला शिकलो, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसवायला शिकलो. मी जो कुणी झालो तो त्या कानावर उभा राहून झालो. तिसरा खडक सापडला, त्याचा क्रमांक आला, तेव्हा कागद पुढे ओढून मी एका दमात त्या तीन ओळी लिहिल्या. शोधकाच्या वर्गातील विद्यार्थी. शालेय अपघातात एका कानाची श्रवणशक्ती गमावूनही. त्याच्या जिज्ञासेने शोधकाला आयुष्यभर प्रेरणा दिली. नाव मंजूर झालं, छापून आलं, तेव्हा मी थेल्माच्या फोटोपुढे बसून रडलो. हलकं हलकं वाटलं. नाव एकदा छापलं की ते काढत नाहीत. मला तेच हवं होतं. न पुसली जाणारी गोष्ट एक होतीच, आता दोन झाल्या, असं काहीतरी मनात होतं.

मंगळवारी सकाळी तो घरी आला. दार वाजलं, जाळीच्या दारापलीकडे तो उभा होता आणि माझ्या तोंडाकडे पाहायचं टाळत होता. मी आत ये म्हणालो, तो व्हरांड्यातच बसला. मी डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसायला गेलो, तर काही न बोलता त्याने बोटाने उजवीकडची खुर्ची दाखवली. माझा मोडका शब्द त्याला ऐकू यायला हवा होता. त्याने विचारलं, पोलिसांना काय सांगितलंत? मी सांगितलं, पाय घसरला म्हणून. तो मान हलवून हसला.

"म्हणजे मीही पडलो, तुम्हीही पडलात. आपल्या गावात माणसं फार पडतात, सर."

मी म्हणालो की मला तुला त्रासात घालायचं नव्हतं.

"तुम्हाला कुणी विचारलं? मी मारलं. माझ्या हातानं मारलं. तेवढं तरी माझं राहू दे की. तेही तुम्हीच लिहिणार?"

तो काय म्हणतोय ते मला कळत होतं आणि कळायला नकोही होतं. मी विषय नावाकडे नेला. त्याने सांगितलं की त्याची मुलगी बिल्याना, बारा वर्षांची, शाळेसाठी आडनावाची माहिती शोधत होती आणि जेवणाच्या टेबलावर तिने त्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या. सगळे उठून त्याच्या पाठीवर थापा मारू लागले. त्याची आई, स्तोयना, एक्याऐंशी वर्षांची, तिला अर्थ सांगितल्यावर ती रडली, कागदाला ओठ लावले, रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांना दाखवून आली. आता भेटेल त्याला सांगते. "आणि मी तिथे बसून डोकं हलवत होतो," तो म्हणाला. "तोंडात घास होता. गिळलासुद्धा." त्याला नाव काढून हवं होतं. मी त्याला समजावून सांगू लागलो, का काढता येत नाही ते, क्रमांक, छपाई, समिती, एकाच खडकाला दोन नावं झाली तर पुढच्या माणसांचा कसा घोटाळा होईल ते. बोलता बोलता माझा आवाज वर्गातला झाला. तो ऐकत होता, मान वळवून, उजवा कान पुढे करून, अगदी तसाच. मी मध्येच थांबलो. म्हणालो, त्या ओळी बदलता येतील, मी खरं लिहून पाठवीन, आजच पाठवतो.

"कोण वाचतं ते? माझी आई वाचते?" तो म्हणाला. आणि मग त्याने चिठ्ठीचं सांगितलं, खाली जमिनीकडे पाहत, माल मोजून घेतल्यासारखं सपाट. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. चिठ्ठी त्यालाच वाचून दाखवायला लावली. दहा वर्षांच्या मुलाने कानात कापूस घालून ओळ न ओळ आपल्या भाषेत सांगितली, दांड्यांवरून पडला, मार लागला. सगळी सांगितली आणि मग म्हणाला, तातो, हे खोटं आहे, सरांनी मारलं. वडील नऊम कारखान्यातल्या कोकच्या भट्टीवरून नुकतेच आले होते, डोळे लाल, हाताला भाजलेल्या खुणा. ते म्हणाले, त्या माणसाने दवाखान्यात दाखवा म्हणून लिहून दिलं आणि तू त्याच्यावर बालंट आणतोस? पट्टा काढला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मधे पडायला नव्हे, तो पळून जाऊ नये म्हणून. "तातो मेला तेव्हाही त्याच्या लेखी मी खोटारडाच होतो. आईच्या लेखी अजून आहे. आता तर पुरावाच मिळाला तिला. म्हणते, बघ, तो देवमाणूस, आणि तू काय बोलला होतास."

मालगाडी गेली.

"ते नाव राहू दे वर," तो म्हणाला. "तुम्ही खाली या. तिला सांगा. ती मरायच्या आत."

रविवारी मी गेलो. तात्पुरती चिकटवलेली कवळी तोंडात, इस्त्री केलेला शर्ट. मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपावर लाल मिरच्या भाजत होत्या, सगळ्या गल्लीत तो वास होता. किरीलने बायको-मुलीला बाहेर पाठवून दिलं होतं. स्तोयनाबाई काळ्या कपड्यांत, छोट्या, ताठ. मला पाहताच दोन्ही हात पसरून पुढे आल्या, आणि मला काही कळायच्या आत त्यांनी माझा उजवा हात धरून त्यावर ओठ टेकवले. कोरडे, ऊन ओठ. मी हात ओढून घेतला नाही. ओढायला हवा होता. मग त्यांनी बशीत अंजिराचा मुरंबा आणला, चमचा आणि पाण्याचा पेला, पाहुण्याला आधी ते देतात, आणि मी चमचाभर खाल्ल्याशिवाय त्या खाली बसल्या नाहीत. गोडाने हिरडी झणझणली.

मी म्हणालो, "बाई, मी तुमच्या मुलाला मारलं होतं." किरीलने त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी हसून हात हलवला. तो मला म्हणाला, "म्हणते, मास्तर मारतातच, चांगलं केलंत." मी पुढे बोललो. तो पडला नव्हता. कान माझ्यामुळे गेला. चिठ्ठी मी लिहिली, ती खोटी होती. कागदावरच्या तीन ओळीही खोट्या. मी एकेक वाक्य सावकाश म्हणत होतो, शुद्धलेखन घालताना म्हणतात तसं, आणि तो एकेक वाक्य उचलून त्यांच्यापुढे ठेवत होता. बाईंचा चेहरा बदलत गेला. पण राग माझ्यावर येत नव्हता. त्या मुलाकडे पाहू लागल्या, डोळे बारीक करून, आणि तुटक आवाजात काहीतरी म्हणाल्या. किरीलचे कान लाल झाले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, आलेल्या पाहुण्याच्या तोंडी तुझे शब्द घालू नकोस. म्हणते, एवढी वर्षं झाली, अजून तेच." तो उठला. टेबल सरकवून खोलीच्या मध्यभागी येऊन उभा राहिला. "माझ्या तोंडून तिला पटणार नाही. दाखवा."

मी म्हणालो, काय दाखवू?

"तुम्ही एकच सांगितलीत, सर. दुसरी दाखवा."

त्याला माहीत होतं. पस्तीस वर्षं मला वाटत होतं की पहिली आणि दुसरी यांतला फरक फक्त मला ठाऊक आहे. मी उभा राहिलो. तो आता माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. मी फक्त दाखवणार होतो, हात अर्ध्यावर नेऊन थांबणार होतो, हे त्यालाही माहीत होतं, त्यानेच तर सांगितलं होतं. मी हात मागे घेतला आणि तळवा आपोआप खोलगट झाला. मी तळव्याला तसं सांगितलं नव्हतं. अंतर हाताला पाठ होतं. आणि तो रुंद माणूस, आठ दिवसांपूर्वी एका ठोशात माझं तोंड फोडणारा, एकदम खाली गेला. मान खांद्यात गेली, दोन्ही हात डाव्या कानावर आले, डोळे घट्ट मिटले, आणि घशातून एक आवाज आला, बारीक, दहा वर्षांच्या पोराचा. त्याला तो आवरता आला नाही. माझा हात हवेत तसाच राहिला. मला तो खाली घेता येईना.

बाई उठल्या ते मला दिसलं नाही. त्यांचा खांदा माझ्या छातीवर आदळला, एवढ्याशा बाईचा, आणि मी मागे खुर्चीवर जाऊन पडलो, पेला फुटला. त्यांनी किरीलचे हात मनगटांना धरून कानावरून ओढून काढले. तो काढू देत नव्हता, त्यांनी ताकद लावली. मग त्याचं डोकं खाली वाकवून त्या डाव्या कानाला तोंड लावून बोलू लागल्या. हळू, भराभर, श्वास न घेता, खूप वेळ. मी त्यांच्या भाषेतला एक शब्दही जाणत नाही, आणि किरीलला त्या बाजूने काही ऐकू येत नव्हतं. उजवा कान वळवायला त्याला क्षणही लागला नसता. त्याने तो वळवला नाही. वाकून उभा राहिला, डोळे मिटलेले, आणि आईला बोलू दिलं. मला कुणी जा म्हणालं नाही. पायाशी पाणी पसरत होतं, मागच्या अंगणात मिरच्या करपायला लागल्या होत्या, आणि मी बसून राहिलो.